हृदयाची रोजकीर्द

१ जून १९४८ या दिवशी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली गाडी धावली, हे नगरच्या माणसाला मुद्दाम सांगावे लागत नाही. त्या गाडीचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे येथे आजही अभिमानाने घेतली जातात, आणि आमच्या या अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या वाट्याला जे थोडेबहुत पहिलेपण आले त्यात या गाडीची गणना होते. परंतु एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच पगारपत्रकावर नोकरी करणाऱ्या या दोन माणसांच्या हृदयांचे भवितव्य केवळ एक बसलेला आणि दुसरा उभा एवढ्याच कारणाने निरनिराळे होऊ शकते, ही कल्पना त्या दिवशी गाडीत बसलेल्या कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. ती कल्पना त्याच सुमारास लंडन शहरात जेरी मॉरिस नावाच्या एका डॉक्टरच्या मनात घोळू लागली होती.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर इंग्लंडात हृदयविकाराने दगावणाऱ्या माणसांची, विशेषतः मध्यमवयीन पुरुषांची संख्या एकाएकी वाढू लागली होती आणि कारण कोणालाच उमगत नव्हते. मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्या हजारो नोकरांच्या प्रकृतीचे दप्तर तपासले, आणि त्यांना असे आढळले की दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ चाकामागे बसून घालविणाऱ्या चालकांच्या मानाने, तिकिटे फाडण्यासाठी दिवसभरात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या आणि तितक्याच उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार पुष्कळच कमी होतो, आणि झालाच तर पहिल्याच झटक्यात प्राण जाण्याचा धोकाही त्यांच्या बाबतीत कमी असतो. १९५३ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले तेव्हा शंका घेणारे पुष्कळ निघाले; चालकाच्या नोकरीकडे मुळातच स्थूल माणसे वळत असतील, मग दोष बैठकीचा कसा, असा आक्षेप आला. मॉरिस यांनी तो मनावर घेतला आणि सरकारी गणवेशाच्या कोठारातली मापे मागवून प्रत्येकाच्या विजारीचा कमरेचा घेर पाहिला. चालकांचे घेर खरोखरच मोठे निघाले. पण सडपातळ चालक आणि सडपातळ वाहक यांची तुलना केली तरीही अंतर उरलेच. पत्रे वाटीत हिंडणारे टपालवाले आणि त्याच खात्यात मेजाशी बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसून आला. स्वतः मॉरिस उतारवयापर्यंत नेमाने चालत आणि पोहत राहिले, आणि २००९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे वय ९९ होते.

या संशोधनातली जी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आकड्यांत नाही. लंडनचा तो वाहक हृदयासाठी म्हणून एकही पायरी चढला नव्हता. त्याने कोणता संकल्प केला नव्हता, पहाटेचा गजर लावला नव्हता, पथ्याची वही ठेवली नव्हती. वरच्या मजल्यावर उतारू बसले होते आणि त्यांचे तिकीट फाडणे हे त्याचे काम होते, म्हणून तो चढला. आरोग्याच्या सवयी या विषयावर आपल्याकडे जे लिहिले आणि बोलले जाते त्यात या सवयी दिवसाच्या व्यवहारापासून वेगळ्या काढून, औषधाच्या बाटलीप्रमाणे फडताळात ठेवल्या जातात, आणि म्हणूनच त्या महिन्या-दीड महिन्यात विसरल्या जातात. माझी अशी धारणा झाली आहे की जी सवय कामात, वाटेत, ताटात आणि माणसांच्या संगतीत मुरलेली असते तीच टिकते. आणि कामे, वाटा व ताटे बदलल्यावर ती सवय पुन्हा मुरविण्याची तजवीज एकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केली तर ती अधिक चिरस्थायी होते. या धारणेचे पुरावे मला दूर जाऊन शोधावे लागले नाहीत; ते आमच्याच जिल्ह्यात विखुरलेले आहेत.

हृदय हे दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि या ठोक्यांच्या बळावर हजारो लिटर रक्त शरीरभर फिरविते. त्याच्या दप्तरी एकही तातील नाही. त्याचा हिशेब मोठ्या घटनांचा नसून रोजकीर्दीचा असतो, आणि त्या रोजकीर्दीत लहान रकमाच कालांतराने मोठी बाकी काढतात. एखाद्याची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ऐंशीने चालत असेल आणि नियमित चालण्याने ती सत्तरावर आली, तर दर मिनिटाला दहा या हिशेबाने दिवसाचे १४,४०० ठोके वाचले. एवढे श्रम त्या मुठीएवढ्या स्नायूचे रोज हलके झाले. रोज चालणाऱ्याच्या धमन्यांचे आतले अस्तर अधिक लवचिक राहते, रक्ताला वाट देताना त्या सहज रुंदावतात, आणि रक्तदाबाचे आकडे खाली येतात. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, किंचित दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालावे, असे जगभरचे वैद्य आता एकमुखाने सांगतात.

आमच्या आधीच्या पिढीला हे कोणी सांगितले नव्हते आणि सांगण्याची जरूरही नव्हती. आठवड्याचा बाजार चार-पाच कोसांवर, शेत गावाबाहेर, पाणी ओढ्यापलीकडे, आणि मामलेदार कचेरीत एखाद्या उताऱ्याची नक्कल हवी असली तर तालुक्यापर्यंत पायपीट, असा तो जमाना होता. त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आजही आमच्या जिल्ह्यातून, नगर शहरात मुक्काम करून, पंढरपूरला जाते. आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका डोईवर तुळस घेऊन ज्या चालीने रस्ता कापतात ती चाल पाहिली म्हणजे पायांना लहानपणापासून लागलेले वळण म्हणजे काय ते ध्यानात येते. आज त्या बायकांची नातवंडे दुधाच्या संकलन केंद्रावर, जे घरापासून हाकेच्या अंतरावर असते, तेथेही मोटारसायकलीवरून जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दारात वाहन असताना ते वापरू नये असे वाटणे हे मनुष्यस्वभावाला धरून नाही. परंतु जी चाल पूर्वी गरजेने घडत होती ती आता योजनेने घडवावी लागेल, हे मात्र मान्य करावे लागेल. नगरच्या भुईकोट किल्ल्याभोवती भल्या सकाळी फिरणारे जे जथे दिसतात त्यांतले जे वर्षानुवर्षे टिकले ते बहुधा एकटे येणारे नाहीत; ज्यांची वाट दुसरा कोणी पाहत असतो, ज्यांना न येण्याचे कारण कोणाला तरी द्यावे लागते, असेच ते असतात.

चालीनंतर भाकरी. नगर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधासारखे जे वाण काढले ते याच कोरडवाहू जमिनींच्या ओढीने. ज्वारीची भाकरी करताना पाहण्यासारखी असते. गरम पाण्यात पीठ तिंबून, परातीत तळहाताच्या टाचेने मळून मळून त्याला चिकाटी आणावी लागते, कारण ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा मुळात नसतो. मग कोरड्या पिठावर एका हाताच्या बोटांनी फिरवीत फिरवीत ती थापली जाते, तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो, आणि उलटून निखाऱ्यावर धरली की ती टम्म फुगून तिचा पापुद्रा सुटतो. या सगळ्या क्रियेत तेलाचा थेंब नाही, आणि ध्यानात घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे, मिठाची चिमूटही नाही. धान्य अख्खे दळले जाते, त्यातला कोंडा पोटात जातो, आणि असे तंतुमय अन्न रक्तातील घातक चरबी कमी करण्यास हातभार लावते, हे आता सर्वमान्य झाले आहे. तिच्याशी मेथी किंवा करडईची कोवळी भाजी, कांदा, हरभऱ्याचे किंवा हुलग्याचे काही कोरड्यास, एवढे असले म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ जे पान वाढण्याचा सल्ला देतील ते पान वाढून झाले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, हुलगा, भाज्या आणि भरडधान्ये यांचे गावरान बियाणे मडक्यांत राखून ठेवले आणि २०२० मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. मला त्यांचे कार्य शेतीइतकेच आरोग्याचेही वाटते, कारण जे बी उरते तेच पुढे ताटात येते.

मात्र या जुन्या दिनक्रमाचे गुणगान करताना एका गोष्टीचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल. तो दिनक्रम पुष्कळ घरांत निवडीचा नव्हता, नाइलाजाचा होता. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, परदेशातून आलेला तांबडा मिलो दळून खाल्ला आणि सुकडीवर मुले जगविली. अशा उपासमारीचे देणे एका पिढीत फिटत नाही. इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातली जुनी जन्मनोंद पाहून १९८९ मध्ये दाखविले की जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांना पुढे हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक होते. आणि पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा जो प्रदीर्घ अभ्यास केला त्यात तेथील बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो आढळले, तर इंग्लंडातील बालकांचे साडेतीन किलो होते. त्याहून चिंताजनक निष्कर्ष असा की ही कृश बालके स्नायूंनी कमी असली तरी चरबीने तितकी कमी नव्हती. याचा अर्थ, अर्धपोटी मातेच्या पोटी जन्मलेल्या माणसाला सुबत्ता आली की ती इतरांहून लवकर बाधते. म्हणूनच आपल्या लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा युरोपीय माणसाहून अलीकडे, पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर, अशी धरतात. ज्या घरात मुलगी शेवटी जेवते आणि गर्भारपणीही शेवटीच जेवते, त्या घरात साठ वर्षांनंतरच्या हृदयविकाराची पेरणी होत असते, आणि माझ्या दृष्टीने हृदयाच्या आरोग्याची पहिली सवय त्या मुलीला वेळेवर आणि पोटभर वाढणे ही आहे.

मिठाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण भाकरीत नसलेले मीठ आपण इतर वाटांनी भरून काढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचा सपाट भरून एवढीच आहे, आणि आपल्या देशात सर्रास तिच्याहून पुष्कळ अधिक मीठ खाल्ले जाते. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते, धमन्यांवरचा दाब चढतो, आणि हृदयाला प्रत्येक ठोका अधिक जोराने द्यावा लागतो. वर्षानुवर्षे असे झाले की त्याची भिंत जाड व ताठर होते. गंमत म्हणून चाखलेल्या लोणच्याने हे होत नाही. ठेचा, लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, दुपारच्या चहाबरोबरची खारी किंवा टोस्ट, संध्याकाळची शेव-भेळ, आणि वर ताटाच्या डाव्या कोपऱ्यात वाढलेली मिठाची चिमूट, अशा नाना हिश्शांनी ते जमा होते, आणि यांपैकी कोणताही एक हिस्सा खाणाऱ्याला मोठा वाटत नाही. ठेच्यातले मीठ निम्मे करून त्यात लसूण व भाजलेले शेंगदाणे वाढविले, पानात मीठ वाढण्याची चाल बंद केली, तर जिभेला सुरुवातीचे काही आठवडे अळणी वाटते आणि पुढे तीच चव अंगवळणी पडते. स्वयंपाक करणारीने हे एकटीने, घरच्यांची नाराजी सोसून करावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. घरातल्या कर्त्या पुरुषाने पहिल्या घासाला मीठ मागणे सोडले तर तिचे काम निम्मे होते.

जिल्ह्याच्या उत्तरेकडे चित्र वेगळे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालवे आले, ऊस आला, आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला; ज्याने शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडविले त्या उद्योगाविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. पण साखरेने घरात शिरताना पाहुणचाराचा ताबा घेतला. दिवसातून सात घरी गेलेल्या माणसाला सात वेळा गोड चहा घ्यावा लागतो आणि नको म्हटले तर घरच्याला अपमान वाटतो. 'बिनसाखरेचा द्या' असे निःसंकोच म्हणता येणे आणि ते मनाला लावून न घेता देता येणे, ही शिष्टाचारात करावयाची एक छोटी दुरुस्ती आहे. तेलाची कथाही अशीच. ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पाटे पेरीत, म्हणजे गुरे पिकात शिरत नसत आणि घाण्यावर घरचे तेल निघे. करडईचे तेल हृदयाला मानवणाऱ्या असंपृक्त स्निग्धांशांनी समृद्ध असते. पुढे डब्यातले वनस्पती तूप आले व त्याबरोबर घातक ट्रान्स स्निग्धांश आले. २०२२ च्या जानेवारीपासून देशात तेला-तुपांतले हे प्रमाण दोन टक्क्यांवर रोखणारा नियम अमलात आला, हे इष्टच झाले. पण एकदा कढवलेले तेल पुन्हा पुन्हा तापविण्याची रीत कायद्याने जाणारी नाही.

आता तंबाखू. नगर आणि संगमनेर ही विडी वळण्याची जुनी केंद्रे. शेकडो घरांतल्या बायकांच्या मांडीवरचे सूप, तेंदूच्या पानांची कात्रणे आणि बोटांना लागलेला तो पिवळसर रंग येथे पिढ्यानपिढ्या दिसत आला. पुरुषाच्या हाती विडी किंवा चंची, आणि बाईच्या हाती सकाळची भाजलेली मशेरी. मशेरीला पुष्कळ घरांत व्यसन मानतच नाहीत, दात घासण्याचा प्रकार समजतात. परंतु हिरडीतून रक्तात उतरलेले निकोटीन नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढविते, आणि विडीचा धूर तर धमन्यांच्या अस्तरालाच इजा करतो. धूम्रपान सोडल्यावर हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात निम्म्यावर येतो, इतका त्वरित मोबदला दुसऱ्या कोणत्याही सवयीत मिळत नाही. तरीही एकट्या माणसाला ते जमत नाही, कारण पारावर बसले की शेजारचा चुना मळून पुढे करतोच. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीने या अडचणीचे मर्म ओळखले. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले, दारूबंदी झाली, आणि पुढे एका होळीला तरुणांनी गावातल्या दुकानांतली तंबाखू, विड्या, सिगारेटी आणून होळीत टाकल्या. त्यानंतर गावात त्यांची विक्रीच बंद झाली. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली जी पंचसूत्री स्वीकारली तिच्यातही नशाबंदी आहे. या गावांतल्या माणसांचे मनोबळ इतरांहून थोर होते असे मी मानीत नाही. वस्तू हाताशीच नसली म्हणजे दिवसातून वीस वेळा मनाशी झगडावे लागत नाही, एवढेच.

मनाचा विषय निघालाच आहे तर भुईकोट किल्ल्याचे दप्तर उघडले पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे आणून बंदिस्त केले गेले. जवाहरलाल नेहरूंनी आवारातल्या दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेल्या जमिनीत उन्हात तासन् तास खणून फुलांचे वाफे केले, आणि १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'भारताचा शोध' लिहून काढला. मौलाना आझाद पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून पत्रे लिहीत. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तिच्या आजारपणात सरकारकडे सवलतीची याचना त्यांनी केली नाही, आणि त्या दिवसांत बाहेरून आपला नित्यक्रम ढळू न देण्याचा त्यांनी जो प्रयत्न केला त्याची किंमत शरीराला द्यावी लागली असे त्यांनी स्वतःच पुढे पत्रात नमूद केले आहे. मला या दोघांची उदाहरणे जोडीने आठवतात. दीर्घकाळ दाबून ठेवलेला ताण हृदयाला बाधतो हे वैद्यक आता निःशंकपणे मानते, आणि ज्याला दुःख सांगायला कोणी नाही त्याच्या रोजकीर्दीत हा खर्च रोज पडत राहतो. उलट जमीन खणण्यासारखे काम, निश्चित झोप, आणि बोलायला समवयस्क, ही त्याची जमेची बाजू होय. शेतीच्या कर्जाने झोप उडालेल्या माणसाला नुसते 'ताण घेऊ नका' असे सांगणे मात्र मला निर्दयपणाचे वाटते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'आम्ही शेतात राबतो, आम्हाला कशाला हवा व्यायाम' हे वाक्य गावोगाव ऐकू येते आणि त्यात अर्धे सत्य असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे जोडपे पहाटेपासून वाकून ऊस तोडते, डोक्यावर मोळ्या वाहते, रात्री-अपरात्री गाडी भरते आणि पाचटाच्या कोपीत तीन-चार तास झोपते. त्या श्रमाला लंडनच्या वाहकाच्या पायऱ्यांची उपमा देणे म्हणजे त्यांची थट्टा होईल. विश्रांतीशिवायचे ओझे, अपुरी झोप आणि थकवा मारण्यासाठी लावलेली तंबाखू ही हृदयाला हितकर नसून घातक आहेत. ज्या श्रमानंतर शरीराला सावरण्यास अवसर मिळतो त्यालाच हृदयाचा व्यायाम म्हणता येते. या मजुरांच्या मुकादमांवर आणि कारखान्यांवर हंगामाच्या आरंभी प्रत्येकाचा रक्तदाब तपासून घेण्याची सक्ती व्हावी, असे मला मनापासून वाटते.

कारण रक्तदाब हा असा विकार आहे की तो मोजल्यावाचून कळत नाही. १४०/९० च्या वर गेलेला आकडा वर्षानुवर्षे राहिला तरी माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. आणि मग एके दिवशी अर्धांग किंवा झटका. हे मोजण्याचे काम डॉक्टरावाचून होऊ शकते हे जगाला दाखवून देणाऱ्यांत आमच्या जामखेडचे नाव फार वरचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले पती-पत्नी १९७० मध्ये या दुष्काळी तालुक्यात आले, आणि शहरी परिचारिका खेड्यात रमत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी गावांनीच निवडलेल्या, बहुशः निरक्षर, कित्येक दलित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या आरोग्यसेविकांचे प्रारंभीचे काम बाळंतपणे, लसी आणि कुपोषण यांचे होते. गावचे रोग बदलले तशा त्या रक्तदाब आणि मधुमेह यांकडे वळल्या.

अशा एका बाईंना काम करताना मी जामखेड तालुक्यात जवळून पाहिले आहे. ओसरीवर म्हातारी बसली होती. बाईंनी आल्याबरोबर पट्टा काढला नाही; आधी, 'आजी, चहा कधी घेतला? मशेरी लावली का आत्ता?' असे विचारून घेतले, कारण या दोहोंनंतर अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. लघवीला जाऊन यायला सांगितले. मग भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ जमिनीला लावून पाच मिनिटे गप्प बसविले. दंड हृदयाच्या पातळीला यावा म्हणून हाताखाली गोधडीची घडी सरकविली, चोळीची बाही वर सारली, पट्टा कोपरापासून दोन बोटे वर बांधला, आणि मोजताना आजींनी सुनेविषयी काही सांगायला आरंभ केला तसे त्यांना थांबविले. एकदा मोजल्यावर थोड्या वेळाने पुन्हा मोजले. मोठमोठ्या दवाखान्यांत, घाईच्या रांगेत, या शिस्तीतले निम्मेही पाळले जात नाही. आकडा चढलेलाच होता. 'गोळी?' 'बरं वाटत होतं, म्हणून सोडली.' बाईंनी औषधाची पट्टी मागवून उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, 'बरं वाटत होतं ते गोळीमुळंच, आजी. तव्याखालचा जाळ काढला तर भाकर भाजंल का?' मग सुनेला हाक मारून ठेच्यातल्या मिठाची चौकशी झाली, आणि शेजारच्या दोघींबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत संध्याकाळी जाऊन यायचे ठरले. त्या दोघींनाही तेथेच बसवून त्यांचे दंड पुढे घेतले गेले.

प्रत्येक गावाला अशी बाई लाभेल असे नाही, आणि आशाताईंच्या अंगावर आधीच कामांचा डोंगर आहे. पण आमच्या जिल्ह्यात असे गाव विरळाच की जेथे दूध संकलन केंद्र नाही. तेथे फॅट मोजण्याचे यंत्र असते, नोंदवही असते, हिशेब ठेवणारा माणूस असतो, आणि सकाळ-संध्याकाळ गावातली निम्मी कर्ती माणसे किटली घेऊन रांगेत उभी असतात. त्याच टेबलावर रक्तदाबाचे एक यंत्र ठेवावे, ते चालविणाऱ्याला आरोग्य केंद्राने दोन दिवस शिकवावे, आणि दुधाच्या पगाराच्या दिवशी, ज्या दिवशी सही करायला प्रत्येकाला यावेच लागते, रांगेतल्या तिशीपुढच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने बाकावर पाच मिनिटे बसून दंड पुढे करावा. आकडा दुधाच्या कार्डावरच लिहिला जावा. १४०/९० च्या पुढे दोनदा गेलेल्यांची यादी त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राकडे जावी. संस्थेच्या वार्षिक सभेपुढे हा ठराव मांडण्यास सूचक आणि अनुमोदक एवढे दोघे पुरेत.